जुनी एक्सयूव्ही५०० घरासाठी घेताय? या चुका टाळा

गेल्या दोन वर्षांत मी अकरा एक्सयूव्ही५०० पाहिल्या. एकही माझ्यासाठी नव्हती. आधी मेहुण्यासाठी, मग ऑफिसातल्या एका मित्रासाठी, मग आत्येभावासाठी. "तुला गाड्यांतलं कळतं, चल जरा" असं एकदा कुणी म्हटलं की रविवार गेला म्हणून समजायचं. अकरांपैकी घ्याव्यात अशा दोनच निघाल्या. पहिल्या चार-पाच गाड्या बघताना आम्ही ज्या चुका केल्या, त्या इतर लोकही जशाच्या तशा करताना दिसतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

मोह समजण्यासारखा आहे. चाकणला बनलेली महिंद्राची ही गाडी सप्टेंबर २०११ मध्ये आली. सुरुवातीची किंमत १०.८० लाख होती आणि मागणी इतकी की बुकिंग थांबवावं लागलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक्सयूव्ही७०० साठी जागा करून ती बंद झाली. आज नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशात, कधी त्याहून कमीत, साडेचार मीटरहून लांब, सात सीटची डिझेल गाडी दारात उभी राहते. आई-बाबा, दोन मुलं, गणपतीला कोकणात, मे महिन्यात गावाला. हिशोब लगेच जुळतो. तो जुळवताना पाय घसरतो.

"फाइव्ह डबल ओ म्हणजे फाइव्ह डबल ओ"

पहिली चूक इथेच. दहा वर्षांत या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गाड्या विकल्या गेल्या. २०११ ते २०१५ ची पहिली पिढी: २.२ लिटर एमहॉक डिझेल इंजिन, १४० पीएस ताकद, ३३० न्यूटन मीटर टॉर्क, फक्त मॅन्युअल. मे २०१५ मध्ये चेहरा बदलला आणि त्या वर्षअखेरीस सहा गिअरची ऑटोमॅटिक आली. एप्रिल २०१८ मध्ये पुन्हा चेहरा बदलला, तेच इंजिन १५५ पीएस आणि ३६० न्यूटन मीटरवर गेलं, आणि व्हेरियंटची नावं डब्ल्यू६, डब्ल्यू८, डब्ल्यू१० ची डब्ल्यू५, डब्ल्यू७, डब्ल्यू९, डब्ल्यू११ झाली. २०२० मध्ये बीएस६ (धुराचे कडक नियम) आलं आणि चारही चाकांना ताकद देणारा पर्याय गेला.

जाहिरातीत मात्र "२०१५ टॉप मॉडेल" एवढंच लिहिलेलं असतं. २०१५ मधली कुठली? फेब्रुवारीत बनलेली की ऑगस्टमध्ये? आरसीवर उत्पादनाचा महिना असतो, तो बघा. नोंदणीची तारीख बघून वर्ष ठरवू नका. शोरूमच्या यार्डात आठ महिने उभी राहिलेली गाडीही "नवी" म्हणूनच विकली जाते. आणि "टॉप" शब्दावर जाऊ नका. सुरुवातीच्या डब्ल्यू६ ला दोन एअरबॅग होत्या, डब्ल्यू८ ला सहा आणि सोबत ईएसपी, म्हणजे वळणावर गाडी घसरू न देणारी यंत्रणा. घरच्यांसाठी गाडी घेताना टचस्क्रीन चालते का यापेक्षा हा फरक मोठा.

बीएस६ ची गाडी सगळ्यात नवी म्हणून सगळ्यात चांगली, हाही समज सरसकट खरा नाही. त्या डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला सलग पळावी लागते. रोज शाळा, भाजी, ऑफिस असं पाच-सहा किलोमीटरचं चालणं असेल तर गाळणी तुंबत जाते आणि डॅशवर दिवा लागतो. तुमचं चालणं असंच असेल तर मला विचाराल तर ही गाडीच घेऊ नका, कुठल्याही वर्षाची.

"महिंद्रा आहे, चेसिस दणकट"

हे वाक्य मी प्रत्येक सौद्यात ऐकलं. दोनदा विकणाऱ्याकडून, उरलेल्या वेळी आमच्याच माणसांकडून. स्कॉर्पिओ आणि बोलेरोमुळे मनात बसलेली ती समजूत आहे. एक्सयूव्ही५०० ला वेगळी चेसिस नाहीच. ही महिंद्राची पहिली मोनोकॉक एसयूव्ही, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे चालवायला ती कारसारखी वाटते. पण मोठा अपघात होऊन गेला असेल तर डेंटिंग-पेंटिंगने सांगाडा पहिल्यासारखा होत नाही. चेसिसवरच्या गाडीत बॉडी बदलून भागतं, इथे तसं नाही.

म्हणून बोनेट उघडल्यावर इंजिनाकडे नंतर बघा. आधी दोन्ही बाजूंचे एप्रन, म्हणजे चाकांवरचे आतले पत्रे, आणि शॉकअप जिथे वर बसतात ते गोल घुमट बघा. कंपनीच्या वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे असतात. ते एका बाजूला आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, किंवा वर जाड सीलंट थापलंय, तर तिथे काम झालंय. फेंडर आणि बोनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर तो भाग उघडला गेलाय. नुसता बंपर रंगवलेला असेल तर सोडून द्या. दहा वर्षांची गाडी आणि बंपरला ओरखडा नाही, असं पुण्यात तरी होत नाही.

पूर हा दुसरा प्रश्न, आणि आपल्याकडे तो कागदावरचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. या पुरांत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या विमा कंपनी निकालात काढते, त्या लिलावात जातात, कुणीतरी उभ्या करतं आणि त्या दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. गाडीचा पासिंग नंबर कुठला आहे त्यावरून काहीच ठरत नाही, कारण पुराच्या दिवशी गाडी कुठे उभी होती ते नंबर सांगत नाही. सगळ्या सीटबेल्टचे पट्टे शेवटपर्यंत ओढा. खालच्या, एरवी गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ असेल तर तिथून परत फिरा. पुढच्या सीटच्या रुळांखाली बोट घाला, कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्या. मेहुण्यासाठी बघितलेली तिसरी गाडी बाहेरून आरशासारखी होती. डॅशखालच्या वायरच्या जोडावर हिरवट बुरशी सापडली. एजंट म्हणाला, "एसीचं पाणी झिरपलं असेल." असेल बुवा.

गरम इंजिन

विकणाऱ्याला फोन करून सकाळी आठला येतो म्हणून सांगा आणि साडेसातला पोहोचा. पहिलं काम: बोनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर कुणीतरी तुमच्या आधी गाडी सुरू केलीय, आणि ते उगाच केलेलं नसतं. डिझेलचं दुखणं थंड इंजिनातच कळतं. किती वेळ स्टार्टर फिरतो, पहिला धूर कसला, आयडलला इंजिन डुलतं का. थोडा काळा धूर गाडी रेस केल्यावर चालतो. निळसर आणि जळक्या तेलाचा वास असेल तर टर्बो किंवा त्याहून मोठं काहीतरी. पांढरा धूर दोन मिनिटांनी थांबला नाही, तरीही थांबून विचार करा.

मॅन्युअल गाडीत क्लच हा महागडा प्रश्न, आणि गाडी बघायला आलेले लोक तो सहसा तपासतच नाहीत. ही गाडी जड आहे, शहरात अर्ध्या क्लचवर चालवली की तो लवकर जातो. बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, फ्लायव्हीलही त्याच वेळी बघावं लागतं, त्यामुळे बिल मोठं होतं. तपासणी सोपी आहे. मोकळ्या चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. काटा आरपीएमचा वर जातोय आणि गाडी तेवढी पळत नाही, तर क्लच घसरतोय. आम्ही कात्रजचा जुना घाट धरला होता. विकणारे काका शेजारी बसून तिसऱ्या वळणालाच म्हणाले, "एवढं कशाला, घाटात काय नेहमी जाणार आहात?"

खालच्या बाजूची खडखड ऐकायला मात्र खराब रस्ता लागतो. काच खाली, एसी-गाणी बंद, वीसच्या वेगाने. सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश हे या गाडीत झिजणारे भाग आहेत. ते झिजलेत म्हणून गाडी नाकारू नका. तो खर्च आटोक्यात असतो आणि भाव पाडायला चांगला मुद्दा मिळतो. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सात-आठ वर्षांचं रबर घेऊन कुटुंबाला घाटात न्यायचं नाही. सतरा किंवा अठरा इंचांची चार मोठी टायर आहेत, तो खर्च आधीच बाजूला काढा.

"पार्ट मिळत नाहीत" आणि "सगळं मिळतं"

गाडी बंद झाली म्हणजे पार्ट मिळत नाहीत, असं एक टोक. स्कॉर्पिओचं आणि हिचं इंजिन एकाच घरातलं, म्हणून सगळं कुठेही मिळतं, असं दुसरं. इंजिन, ब्रेक, फिल्टर, बुश यांची काळजी फारशी नाही. एमहॉक उघडलेले मिस्त्री तालुक्याच्या गावीही आहेत. अडतं ते बाहेरच्या आणि दिखाऊ भागांत. २०११, २०१५ आणि २०१८ या तिन्ही चेहऱ्यांचे दिवे, ग्रिल, बंपर वेगवेगळे. फुटलेला हेडलाइट, बंद पडलेली स्क्रीन, डिकीच्या दाराचं तुटलेलं प्लास्टिक, या गोष्टी "नंतर बघू" म्हणून सौदा करू नका. नंतर भंगार बाजारात फिरावं लागतं. प्रत्येक बटण दाबून बघा, वायपर, आरसे, मागचा कॅमेरा, चारही खिडक्या दोन-दोनदा. कंपनीने या गाडीसाठी वेळोवेळी मोफत दुरुस्तीच्या मोहिमा काढल्या होत्या. चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा, एखादी राहिलीय का ते. त्याच काउंटरवर किलोमीटरचा इतिहासही मिळतो. २०१९ ला ९२ हजारावर सर्व्हिस झालेली गाडी आज ७४ हजार दाखवत असेल, तर मीटर पाडलंय.

एकट्याने बघायला जाणं

आत्येभावाने हेच केलं. गाडी चालवली, आवडली, टोकन दिलं. घरी आणल्यावर कळलं की आत्याला चढता येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि गाडीला जमिनीपासून २०० मिलिमीटरचा क्लिअरन्स. आता डिकीत प्लास्टिकचं स्टूल असतं. ते स्टूल डिकीत ठेवलं की दुसरं फारसं काही मावत नाही, हा दुसरा शोध, कारण तिसरी रांग उभी असताना मागे दोन-तीन हँडबॅगांपुरतीच जागा उरते. सात माणसं किंवा सात माणसांचं सामान, दोन्ही एकदम नाही. तिसऱ्या रांगेत स्वतः बसा आणि एसी लावून वीस मिनिटं कुणाला तरी चालवू द्या. तिथे मुलांना बसवणार असाल तर मुलं घेऊन जा. ज्याला गाडी लागते तो आधी.

दिल्लीची स्वस्त गाडी

दोन लाखांनी स्वस्त एक्सयूव्ही दिसली आणि नंबर डीएल किंवा एचआर असला, तर कारण तपासा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने निर्बंध आणले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. नियमात पुढे बदल होत राहिले, पण तिकडच्या मालकांची विकायची घाई त्यातूनच आली. गाडी चांगली असूही शकते. तरी तिकडचं ना-हरकत प्रमाणपत्र, इथली पुन्हा नोंदणी, महाराष्ट्राचा एकरकमी कर, एजंटचे पैसे आणि महिनाभराच्या चकरा हे त्या दोन लाखांतून वजा करून बघा. आणखी एक गंमत: डिसेंबर २०१५ मध्ये तिथे दोन हजार सीसी आणि वरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी न्यायालयाने थांबवली, तेव्हा महिंद्राने खास १.९९ लिटरचं इंजिन आणलं. २०१६ ची डीएल नंबरची गाडी असेल तर आरसीवर २१७९ सीसी आहे की कमी, ते वाचा, म्हणजे पार्ट मागवताना गोंधळ होणार नाही.

कागद

२०१२ च्या गाडीचं पंधरा वर्षांचं पासिंग २०२७ मध्ये संपतं. पुढच्या पाच वर्षांसाठी फिटनेस, फी आणि पर्यावरण कर आलाच. किंमत ठरवताना हे बोला. कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही. ऑनलाइन वाहन पोर्टलवर तुमचं नाव दिसेपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का आणि ई-चलन किती थकलीत, दोन्ही बघा. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, त्यामुळे तुमचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येणार. आणि त्याचा फास्टॅग काचेवरून काढून त्याच्याच हातात द्या. मित्राने ते केलं नाही, आणि पहिल्या कोल्हापूर ट्रिपच्या टोलचे मेसेज तीन दिवस जुन्या मालकाला जात राहिले. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, "गाडी मजेत दिसतेय, आता टॅग तेवढा बदला."