हरवलेल्या फाइल परत मिळवताना या चुका टाळा

लॅपटॉपमधली महत्त्वाची फाइल दिसेनाशी झाली की माणूस घाबरून जे हाताला येईल ते करू लागतो आणि पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा त्या खटपटीनेच माहिती कायमची जाते. म्हणून काहीही करण्यापूर्वी डिस्क धडधाकट असून फाइल चुकून पुसली गेली आहे, की डिस्कच बिघडत चालली आहे, हे ओळखावे. या दोहोंवरचे उपाय एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत.

चुकून पुसलेल्या फाइलसाठी आधी रिसायकल बिन तपासावा. फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीशी जोडलेला असेल तर तिथला रिसायकल बिनही पाहावा, कारण वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल तिथे साधारणपणे 30 दिवस राहते. शिफ्ट दाबून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, पण साध्या हार्ड डिस्कवर विंडोज तेव्हा फक्त तिची जागा मोकळी झाल्याची नोंद करते आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच असतो. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपवर डाउनलोड करून तिथेच इन्स्टॉल करणे ही म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लॅपटॉप नुसता चालू ठेवला तरी ब्राउझर आणि विंडोज अपडेट डिस्कवर लिहीत असतात. त्यामुळे तो बंद करावा, डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि सापडलेल्या फाइल तिसऱ्याच डिस्कवर उतरवाव्यात. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही मोफत साधने इन्स्टॉल न करताही चालतात. मात्र फोटोरेक फाइलच्या आतल्या खुणांवरून शोध घेत असल्याने मूळ नावे बहुधा परत मिळत नाहीत.

डिस्क काढण्यापूर्वी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का, हे पाहावे. तसे असल्यास 48 अंकी रिकव्हरी की हाताशी हवी. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि तिच्याशिवाय डिस्क सुस्थितीत असूनही काहीच वाचता येत नाही.

एसएसडीची, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कची, गोष्ट निराळी आहे. फाइल पुसताच विंडोज ट्रिम ही आज्ञा पाठवते आणि एसएसडी ती जागा आतून रिकामी करू लागते. अशा वेळी सॉफ्टवेअरकडून फार आशा ठेवू नये, बॅकअप शोधण्यातच वेळ घालवावा.

डिस्कच बिघडत असेल तर लॅपटॉप वारंवार अडकतो आणि फाइल उघडायला विलक्षण वेळ लागतो. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 05, सी5 किंवा सी6 या ओळींपुढचे आकडे वाढताना दिसले तर सेक्टर, म्हणजे माहिती साठवणारे डिस्कचे छोटे भाग, खराब होत आहेत असे समजावे. या अवस्थेत अनेक जण विंडोजमधली चेकडिस्क ही तपासणी चालवतात. चेकडिस्कचे काम फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलच्या नोंदींची व्यवस्था, सुसंगत करणे हे आहे, तुमच्या फाइल वाचवणे हे नव्हे, आणि खराब सेक्टर शोधण्यासाठी संपूर्ण डिस्क वाचताना ती दुबळ्या डिस्कला आणखी ताण देते. डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करण्याविषयी विंडोजने विचारले तर रद्द करा हेच उत्तर द्यावे. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू या साधनाने आधी डिस्कची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल, घ्यावी. हे साधन सहज वाचता येणारे भाग आधी उचलते, अडलेले भाग शेवटी पुन्हा वाचून पाहते आणि मॅप फाइलमध्ये नोंद ठेवत असल्याने मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे सुरू करता येते. पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतिमेच्या प्रतीवर करावेत.

डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला तर कोणतेही सॉफ्टवेअर न चालवता वीज लगेच बंद करावी. आतले माहिती वाचणारे हेड तबकडीपासून केवळ काही नॅनोमीटरवर तरंगत असते. त्यामुळे घरी झाकण उघडल्यास आत गेलेली धूळही घातक ठरते आणि फ्रीजरमध्ये ठेवल्यास आत बाष्प जमते. अशी डिस्क स्वच्छ कक्ष असलेल्या प्रयोगशाळेतच द्यावी आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. वॉरंटीतला लॅपटॉप दुरुस्तीला देत असाल, तर बदललेली जुनी डिस्क परत मिळणार का, हे आधी विचारून घ्यावे, कारण अनेकदा ती कंपनीकडे जमा होते आणि तुमची माहितीही तिच्यासोबत जाते.