शिसे शोधणारे डीएनएझाइम: या चुका टाळा

नमुन्यात शिसे घातले, डीएनएझाइम (म्हणजे एन्झाइमसारखे काम करणारा डीएनएचा धागा) घातले, आणि चमक मोजणाऱ्या प्लेट रीडरवरची रेघ सपाटच. असे झाले की बहुतेक विद्यार्थी डीएनए खराब निघाला म्हणून नवी ऑर्डर द्यायला धावतात. जरा थांबा. डीएनए बहुधा ठीक असतो, शिसेच त्याच्यापर्यंत पोचलेले नसते.

१९९४ साली रोनाल्ड ब्रेकर आणि जेराल्ड जॉइस यांनी दाखवलेले पहिले डीएनएझाइमच शिशावर चालणारे होते. २००० साली इलिनॉय विद्यापीठात जिंग ली आणि यी लू यांनी अशाच एका डीएनएझाइमचा चमकणारा सेन्सर केला. यात दोन धागे जोडलेले असतात: कापणारा एन्झाइमचा आणि कापला जाणारा सबस्ट्रेटचा. सबस्ट्रेटचा धागा सगळा डीएनएचा, मधे फक्त एक आरएनएचा अॅडेनिन. धाग्याच्या टोकाला फॅमसारखा चमकणारा रंग आणि शेजारी, एन्झाइमच्या धाग्यावर, ती चमक दाबणारा क्वेंचर. शिशाचा आयन आला की धागा नेमका त्या आरएनएपाशी तुटतो, तुकडा सुटतो आणि चमक वाढते.

माझे पहिले तीन दिवस सपाट रेघ बघण्यातच गेले. चौथ्या दिवशी वही उघडली, तेव्हा कळले की दोन्ही धागे मी टीई बफरमध्ये विरघळवले होते. पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या कामाची, सवय! टीईमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए असते आणि ते शिशाला घट्ट धरून बसते. हिशोब करून बघा. १०० मायक्रोमोलरचा स्टॉक ५० नॅनोमोलरवर आणला, म्हणजे २००० पट पातळ केला. तरी प्रत्येक धाग्याबरोबर ५०० नॅनोमोलर ईडीटीए आत येते, दोघांचे मिळून १०००. पिण्याच्या पाण्यातली शिशाची भारतीय मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम ४८ नॅनोमोलर. वीसपट ईडीटीएपुढे त्याचा काय निभाव लागणार? तेव्हा धागे साध्या न्यूक्लिएज-मुक्त पाण्यात किंवा ईडीटीए नसलेल्या बफरमध्येच विरघळवा.

पीबीएस या फॉस्फेटच्या बफरचेही तेच. त्यातल्या फॉस्फेटबरोबर शिसे साक्यासारखे खाली बसते. हेपेस किंवा मॉप्स हे फॉस्फेट नसलेले बफर घ्या, सोबत मीठ. शिशाचा स्टॉक आम्लात ठेवतात ते बरोबरच आहे, पण त्याचा मोठा थेंब पडला तर पीएच घसरतो, मग तुटण्याचा वेग मंदावतो आणि फॅमची चमकही उतरते. शिसे घातल्यावर एकदा पीएच मोजाच. पातळ द्रावणे काचेत साठवू नका, शिसे काचेच्या भिंतीला चिकटते.

शिसे नसतानाही चमक दिसते? मग आधी जोडणी तपासा. दोन्ही धागे मिठाच्या बफरमध्ये गरम करून सावकाश, तासाभरात थंड होऊ द्या आणि क्वेंचरचा, म्हणजे एन्झाइमचा, धागा थोडा जास्त घ्या, म्हणजे एकही सबस्ट्रेट सुटा राहणार नाही. खोलीचे तापमानही बघा. जोडीचे हात, म्हणजे धागे एकमेकांना धरतात ते भाग, मुद्दाम आखूड ठेवलेले असतात. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या लॅबमध्ये ते न तुटताच सुटतात आणि ती चमक शिशाच्या नावावर जमा होते. सबस्ट्रेटच्या दुसऱ्या टोकालाही एक क्वेंचर लावला की हा त्रास बराच कमी होतो.

आलेली चमक तुटण्याचीच आहे, हे कशावरून? यासाठी एक कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग, मी कधीच सोडत नाही: तोच सबस्ट्रेट, पण आरएनएच्या जागी डीएनएचा अॅडेनिन. हा तुटूच शकत नाही, तरी चमक बदलली तर कारण दुसरे आहे. तांबे तर रंगाची चमक थेट दाबते. शिवाय हे डीएनएझाइम जस्तावरही, सावकाश का होईना, चालते. म्हणून एका वेळेची चमक वाचू नका, सुरुवातीच्या मिनिटांचा वेग मोजा. शिसे फार वेगाने कापते, तिथे फरक दिसतो.

शेवटी नमुना. बोअरच्या पाण्यातले शिसे सगळे सुटे नसते. काही गाळाला, काही कार्बोनेटला बांधलेले असते. एकूण शिसे हवे असेल तर नमुन्यातले बांधलेले शिसे आधी आम्लाने मोकळे करा आणि मग पीएच जागेवर आणा. त्याच नमुन्यात ४८ नॅनोमोलर शिसे मुद्दाम घालून रेघ किती चढते ते बघा. शुद्ध पाण्यात चढते त्याच्या निम्मीच चढली, तर शुद्ध पाण्यावर काढलेला, चमकेवरून शिसे सांगणारा आलेख त्या नमुन्याला लावू नका. थोडे थोडे शिसे वाढवत त्याच पाण्यात नवा आलेख काढा.