माथा झिजला तरी घडी ओळखायची कशी?

खडकांच्या थरांना पडलेली वर फुगलेली घडी ती अपनती, खाली खचलेली ती अभिनती, हे शाळेतच शिकवतात. कड्यात अख्खी कमान दिसत असेल तर तेवढं पुरतं. पण बहुतेक ठिकाणी माथा झिजून गेलेला असतो आणि उरतात नुसते तिरके थर. तिथे संज्ञेचा मूळ अर्थच कामाला येतो. नती म्हणजे थराचा कल. दोन बाजूंचे थर एकमेकांकडे उतरत असतील तर अभिनती, एकमेकांपासून दूर उतरत असतील तर अपनती. अभिनतीला इंग्रजीत सिंक्लाइन आणि अपनतीला अँटिक्लाइन म्हणतात, तेही याच घडणीचे: ग्रीक 'क्लिनो' म्हणजे कलणे, त्याआधी 'सिन' म्हणजे एकत्र आणि 'अँटी' म्हणजे विरुद्ध.

आधी खडक जागचाच आहे ना, हे बघा. घरंगळून आलेल्या धोंड्यावर मोजमाप करण्यात अर्थ नाही. मग थराच्या पृष्ठावर थोडं पाणी ओता. ओघळ जातो ती नतीची दिशा, तिला काटकोनात थरावरची आडवी रेषा म्हणजे नतिलंब. पृष्ठ खडबडीत असेल तर त्यावर पुठ्ठ्याची वही टेकवा आणि क्लिनोमीटर, म्हणजे उताराचा कोन मोजायचं साधन, ओघळाच्या रेषेत धरा. दिशा होकायंत्राने घेताना लोखंडी हातोडी लांब ठेवा. नती कापलेल्या दरडीवरून मोजली की बहुधा कमी भरते: खरी नती 40° असली आणि दरड नतिलंबाशी 45° कोनात असली, तर दिसते जेमतेम 31°.

आता घडीला आडवे चालत नोंदी घ्या. पश्चिमेच्या टोकाला नती 35° पूर्वेला, पुढे चालून 50° पश्चिमेला असं आलं तर मध्ये अभिनती. वय ताडून पाहा: अभिनतीच्या गाभ्यात सर्वांत तरुण थर सापडतात, अपनतीच्या गाभ्यात सर्वांत जुने.

जमिनीच्या उंचसखलपणावर मात्र भिस्त ठेवू नका. अपनतीचा माथा ताणला जाऊन तडकतो, लवकर झिजतो आणि तिथे दरी होते. अभिनती डोंगर म्हणून उरते. वेल्समधला 1085 मीटर उंचीचा स्नोडन अभिनतीवरच उभा आहे.

खरी गफलत होते ती घडी कलंडल्यावर. दोन्ही बाजू एकाच दिशेला उतरतात आणि नतीवरून काहीच कळत नाही. अशा वेळी थर सुलटा की उलटा हे ठरवावं लागतं. चिखलाच्या भेगा मूळच्या खालच्या बाजूला निमुळत्या होतात. प्रतवार थरात, म्हणजे कण आकारानुसार लागलेल्या थरात, जाड कण तळाशी असतात. लाटांच्या ठशांची टोकदार धार वर असते. यातली एकच खूण मिळाली तर लगतच्या थरात दुसरी शोधा, कारण झिजलेली धार सहज फसवते. वय आणि सुलट-उलट दोन्ही कळत नसेल, तर नोंदीत अपनती-अभिनती न लिहिता नुसता आकार लिहावा: वर फुगलेली किंवा खाली खचलेली घडी.