कळपाजवळ जाण्याआधी

हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (जनावराला हळूहळू झिजवून मारणारा रोग) पसरलेल्या भागात कळपाची जबाबदारी घेणार असाल, तर तयारी नकाशापासून सुरू करा. बाधित हरणं कुठे सापडली, वन्यजीव खात्याने कुठवर हद्द आखली आहे आणि मेलेलं जनावर त्या हद्दीबाहेर नेता येतं का, हे यंदाच्या नियमांत बघून घ्या. गेल्या वर्षीचे नियम गृहीत धरू नका.

मग चाऱ्याचे ढीग आणि मिठाच्या ढेपी काढा. हे सगळ्यात जड जातं. कडाक्याच्या थंडीत उपाशी हरणांना चारा टाकावासा वाटणं साहजिक आहे आणि ती माया खोटी नसते. पण हा रोग प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. ते लाळ, मूत्र आणि लेंड्यांतून बाहेर पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. एका ढिगावर दहा तोंडं आली की रोगाला वेगळी वाट शोधावी लागत नाही. ढेप उचलल्यावरही हरणं तिथली खारट माती चाटत राहतात, म्हणून त्या जागेला कुंपण घालाच.

हरीण धडधाकट दिसतं म्हणून निर्धास्त होऊ नका. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा दीड-दोन वर्षं जातात आणि तोवर ते रोग पसरवत असतं. म्हणून तपासणीची सोय आधी लावा. मेलेल्या हरणाच्या घशामागच्या लसिकाग्रंथी आणि मेंदूचा देठाकडचा भाग कसा काढायचा, हे जाणकाराकडून हाताने करून शिका. चिठ्ठीवर जागा, वय आणि नर की मादी हे लिहा. प्रौढ नरांत लागण अनेकदा जास्त आढळते, त्यांचे नमुने चुकवू नका. नमुना गोठवायचा की नुसता थंड ठेवायचा, हे प्रयोगशाळेला विचारा. निकाल येईपर्यंत प्रत्येक जनावराचं मांस वेगळं ठेवा आणि रोग निघाला तर ते खाऊ नका. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण शिजवून प्रिऑन नष्ट होत नाहीत.

हातमोजे भरपूर घ्या, लाकडी मुठीच्या सुऱ्या घरी ठेवा. स्टीलची हत्यारं आधी घासून मांसाचा कण न् कण काढा, मग चार भाग घरगुती ब्लीच आणि सहा भाग पाणी अशा द्रावणात पाच मिनिटं बुडवा. उकळतं पाणी किंवा स्पिरिट इथे कामाचं नाही. डोकं, कणा आणि उरलेले अवशेष घेणारी अधिकृत जागा आधीच ठरवा.

जिवंत हरणं इकडून तिकडे हलवण्याचा बेत असेल, तर तो सोडा. दक्षिण कोरियात हा रोग कॅनडातून आणलेल्या एल्क जातीच्या मोठ्या हरणांबरोबर पोचला. शेजारच्या जमीनमालकांशीही आत्ताच बोला. नॉर्वेत नूरफ्येला भागात २०१६ मध्ये रोग सापडला आणि पुढच्या दोन वर्षांत तिथला रेनडिअरचा सबंध कळप, दोन हजारांवर जनावरं, मारावा लागला. तुमच्याकडे संख्या कमी करण्याची वेळ आली, तर कोणाच्या जमिनीवर, कधी आणि किती, हे कुंपणापलीकडच्या माणसाला तुमच्याच तोंडून कळायला हवं.