मखरासाठी पिक्सेल एलईडी स्ट्रिप मापात कापायची आहे? आधी हे वाचा

गणपती जवळ आले की घरोघरी मखराची कमान तयार होते आणि मग लायटिंगचं आठवतं, मागच्या वर्षी माझंही तसंच झालं. पिक्सेल स्ट्रिपचा, म्हणजे जिच्यातल्या एलईडींचे रंग वेगवेगळे बदलता येतात तिचा, पाच मीटरचा रोल आणला होता आणि कमान होती दोन मीटरच्या आतली, उरलेली स्ट्रिप मागे गुंडाळून ठेवू असं घरच्यांचं मत पण ते काय मला पटेना. कापणं खरंतर दोन सेकंदांचं काम, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं नीट केलं नाही तर वाट लागते.

पहिलं म्हणजे आपल्याकडे कोणती स्ट्रिप आहे ते बघा. 5 व्होल्टची डब्ल्यूएस2812बी असेल तर प्रत्येक एलईडीच्या आत स्वतःची चिप असते, म्हणून कुठल्याही दोन एलईडींच्या मध्ये कापता येते. 12 व्होल्टच्या डब्ल्यूएस2811 मध्ये एक चिप साधारण तीन एलईडी सांभाळते, तिथे तीन-तीनच्या गटानेच कापायचं, मधे कापलं तर तो गट मेला. डब्ल्यूएस2815 पण 12 व्होल्टचीच पण ती एकेक एलईडीला कापता येते, त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघून ठरवू नका, स्ट्रिपवर कापायची रेघ कुठे कुठे आहे ते बघा, काहींवर बारीक कात्रीचं चित्रपण असतं.

आता माप. टेप कमानीवर नीट बसत नाही म्हणून मी सुतळी लावली आणि मग ती सरळ करून मोजली, 187 सेंटिमीटर भरली. माझी स्ट्रिप मीटरला 60 एलईडीची, म्हणजे एका एलईडीला साधारण 1.67 सेंटिमीटर जागा. 187 ला भागलं की 112 आणि वर थोडं, तर 112 वरच थांबायचं, कारण अर्धा एलईडी मिळत नाही आणि 113 घेतले तर शेवटचा कोपऱ्यातून बाहेर डोकावतो. हिशोब झाला तरी स्ट्रिप एकदा कमानीवर नुसती धरून बघाच. रोल कारखान्यातच साधारण अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे डाग देऊन जोडून बनवलेला असतो आणि त्या जोडावर अंतर जरासं मागेपुढे होतं. कापायची जागा नेमकी जोडावर आली तर कात्री लावू नका, सोल्डरिंग गनने डाग वितळवून तुकडे अलगद सोडवा.

कापताना सप्लाय बंद, प्लगच काढून ठेवा. तांब्याचे तीन पॅड दिसतील, प्लस, डेटा (रंगाचे हुकूम नेणारा) आणि ग्राउंड (मायनस), आणि त्यांच्या बरोबर मधून रेघ जाते. साधी धारदार कात्री घ्या आणि एका दमात सरळ कापा म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा पॅड राहतो. कात्री तिरकी गेली आणि एका बाजूचा पॅडच उडाला तर सरळ पुढचा एक एलईडी बळी द्या आणि नव्या रेघेवर कापा, खरवडत बसण्यापेक्षा ते बरं. वर सिलिकॉनचा थर असेल तर कटरने हलक्या हाताने तेवढाच सोला. बाहेर लावणार असाल तर टोक परत सिलिकॉनने बंद करा, पण ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन नको, ते तांबं खातं.

कमानीवर ठेवायचा तुकडा रोलच्या सुरुवातीचा असेल तर त्याला वायर आधीच लावलेली असते, काम झालं. घोळ होतो तो उरलेल्या तुकड्यात. माझ्याकडचे उरलेले 188 एलईडी मी दुसऱ्या टोकाच्या तयार वायरवरून लावायला गेलो आणि एकही पेटेना, तासभर कंट्रोलरला, म्हणजे स्ट्रिपला रंगाचे हुकूम देणाऱ्या डबीला, शिव्या घातल्या. मग स्ट्रिपवरचा बाण दिसला! डेटा फक्त बाणाच्या दिशेने जातो, त्यामुळे वायर जोडायची ती डीआयएन (डेटा इन, म्हणजे डेटा आत जायची बाजू) लिहिलेल्या टोकाला, उरलेल्या तुकड्यात ते कापलेलं टोक.

डाग देताना पॅडवर आधी थोडा फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावायची पेस्ट), मग सोल्डरचा छोटा चकचकीत थेंब, वायरच्या टोकालाही तसंच, आणि मग वायर थेंबावर टेकवून गन दोन-तीन सेकंदच ठेवायची. थेंब एकदम पसरतो, वायर आत बुडते, गन उचला आणि हात हलवू नका. जास्त वेळ तापवलं की पॅड पापुद्र्यासारखा उखडतो. सहसा लाल प्लस, पांढरी ग्राउंड आणि हिरवी डेटा असते, तरी रंगावर विसंबू नका, स्ट्रिपवर छापलेलं वाचा. क्लिपवाले कनेक्टर मिळतात पण मखर हलवलं की ते सैल होतात, मला तरी नकोत. चालू करायच्या आधी मल्टिमीटरने प्लस आणि ग्राउंड तपासा, सलग बीप वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

पूर्ण पांढरा प्रकाश केला तर एक एलईडी साधारण 60 मिलिअँपिअर खातो, म्हणजे 112 ला पावणेसात अँपिअरच्या आसपास. मोबाईलच्या चार्जरवर भागत नाही, 5 व्होल्ट 10 अँपिअरचा सप्लाय घ्या. लांब स्ट्रिपचं शेवटचं टोक पिवळट-लालसर दिसायला लागलं तर तिथे व्होल्टेज कमी पडतंय, त्या टोकालाही प्लस आणि ग्राउंडची वेगळी वायर द्या. रोलच्या टोकाला लाल-पांढऱ्या उघड्या वायरी लोंबत असतात ना, त्या याचसाठी, वापरत नसाल तर टेप लावून ठेवा नाहीतर एकमेकांना चिकटून शॉर्ट होतील.

शेवटी कंट्रोलरमध्ये एलईडीची संख्या बदला. डब्ल्यूएलईडी (कंट्रोलरवर चालणारं फुकट सॉफ्टवेअर) वापरत असाल तर एलईडी सेटिंगमध्ये 300 चे 112 करा, नाहीतर कमानीवरून धावणारा रंग टोकाला जाऊन गायब होतो आणि बराच वेळ परतच येत नाही, आमच्या आरतीला आलेल्या पोरांनी हेच पहिलं पकडलं होतं.