‘हिचं सिझरच होणार’ म्हणण्याआधी या चुका टाळा

लेबर रूममधला सगळ्यात घाईचा अंदाज चार सेंटीमीटरवर बांधला जातो. पहिलटकरीण, कळा बऱ्या, पण दोन तास झाले तरी गर्भाशयाचं तोंड चारच सेंटीमीटर उघडलेलं. लगेच कुणीतरी म्हणतं, “सरकत नाही, सिझर लागणार.” ही खोड जुन्या मोजपट्टीची. अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ फ्रीडमन यांच्या १९५५ सालच्या आलेखावरून तासाला किमान १.२ सेंटीमीटर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाला. आता माहीत आहे की अनेकींचा वेग सहा सेंटीमीटरनंतरच वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये बाळंतपणाचा सक्रिय टप्पा, म्हणजे तोंड भराभर उघडण्याचा काळ, पाचपासून धरला. म्हणून चारवर अडलेली बाई बहुतेक वेळा अडलेली नसतेच. सहा झाले, पाणी गेलं, चांगल्या कळा येऊन चार तास झाले आणि तरी तोंड हललं नाही, तर मात्र ते खरंच अडणं.

दुसरी चूक बोटांची. एकीची तपासणी चार सांगते, ड्यूटी बदलल्यावर दुसरीची पाच. बाळंतपण पुढे गेलेलं नसतं, हात बदललेला असतो. शक्यतो एकाच हाताने तपासा.

डोक्याच्या बाबतीत तर बोटं सरळ फसवतात. शिकाऊ असताना एकदा मी “डोकं छान खाली आलंय” असं लिहून निर्धास्त बसले होते. वरिष्ठांनी नुसता पोटावर हात ठेवला: डोक्याचे पाचपैकी तीन भाग अजून वरच. बोटांना लागली होती ती डोक्यावरची सूज. कळा जोरात, सूज वाढतेय आणि पोटावरून डोकं तसंच वर, ही जोडी दिसली की सिझरची शक्यता खरोखर वाढते. आत तपासण्याआधी पोट तपासा, दर वेळी.

सोनोग्राफीतलं वजन पाहून हात टेकू नका. त्यात दहा टक्क्यांची चूक नेहमीची. साडेतीन किलो म्हणजे सव्वातीनच्या आतलं बाळही असू शकतं आणि पावणेचारच्या वरचंही. बाळाचा चेहरा वर असला तरी तेच: बहुतेक बाळं शेवटी वळतात.

सिझर की नॉर्मल याची शक्यता सांगणारं कॅल्क्युलेटर वापरा, पण त्यात काय घातलंय ते बघून. आधीच्या सिझरनंतर नॉर्मलची शक्यता सांगणाऱ्या, २००७ साली आलेल्या एका प्रसिद्ध अमेरिकन सूत्रात वंशही मोजला जायचा. २०२१ मध्ये तो काढून टाकावा लागला. शिवाय दाखल होतानाचा आकडा संध्याकाळपर्यंत शिळा होतो. कमी आकडा बघून आपणच लवकर हात आखडता घेतो आणि मग आकडा खरा ठरल्याचं समाधान मानतो, हे मला जास्त खटकतं.

बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची पट्टी थोडी बिघडली की थेट ऑपरेशनची तयारी, हेही नको. आधी बाईला कुशीवर वळवा, कळा वाढवायचं औषध चालू असेल तर थांबवा, रक्तदाब बघा. तपासताना बाळाच्या डोक्याला बोटाने हलकं चोळल्यावर ठोके चढले, तर बाळ बहुधा ठीक आहे. पण ठोके उतरून वर येतच नसतील किंवा नाळ बाहेर आली असेल, तर अंदाज बांधत बसायचं नाही. बाई तडक ऑपरेशन टेबलवर.

नातेवाइकांना सांगताना “नॉर्मल होईल” किंवा “होणार नाही” यातलं काहीच नको. “आत्ता सहा आहे, डोकं अर्धं खाली, दोन तासांनी पुन्हा बघू,” एवढं सांगा. आणि दोन तासांनी खरंच बघा.