तंबोऱ्याशेजारचे यंत्र: ख्यालगायकासाठी आवाजाचे निरीक्षण करणारे साधन कसे घडवावे

दहा-बारा वर्षे तालीम घेतलेल्या गायकाला ‘तुमचा पंचम उतरला’ असे सांगणाऱ्या यंत्राची गरज नसते, कारण ते त्याच्या कानाला यंत्राच्या आधी कळलेले असते. त्याला जे कळत नाही ते निराळे असते. तासाभराच्या रियाजानंतर तार षड्ज लावताना गळा नेमका कोणत्या क्षणी आवळला जातो, लांब न्यासाच्या (टेकून धरलेल्या स्वराच्या) शेवटी दम संपत आला की सूर किती घसरतो, द्रुत तानेतले स्वर खरोखर सुटे येतात की वेगामुळे तसे भासतात, हे प्रश्न त्याला पडतात. गाताना स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत पोहोचतो, त्यामुळे गायकाला ऐकू येणारा आणि श्रोत्याला ऐकू येणारा आवाज एकच नसतो. बाहेरच्या मोजमापाचा उपयोग इथे सुरू होतो. पुढील मार्गदर्शन पायथन या संगणकभाषेची जुजबी ओळख असलेल्या आणि ख्यालगायनाशी परिचय असलेल्या वाचकासाठी आहे. यंत्राने गुण देऊ नयेत, मोजावे, आणि ते मोजमाप गायकाच्या स्वतःच्या तंबोऱ्याशी व त्याच्याच आधीच्या गाण्याशी ताडून दाखवावे, हे धोरण आरंभीच ठरवून घ्यावे; पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यातून निघतात.

ध्वनिमुद्रण

बहुतेक साधने फसतात ती गणितात नव्हे, ध्वनिमुद्रणात. मोबाइलमधील गोंगाट कमी करणारी, प्रतिध्वनी काढणारी आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी अशा तिन्ही सोयी दूरध्वनीवरील बोलण्यासाठी असतात. लांबवर धरलेला संथ षड्ज त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटू शकतो आणि त्या तो दाबू लागतात. म्हणून ॲप लिहिताना या तिन्ही सोयी बंद करण्याची मागणी स्पष्टपणे नोंदवावी आणि त्या खरोखर बंद झाल्या का, हे एक मिनिटभर एकच सूर लावून तपासावे. सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने (म्हणजे तेवढ्या वेळा घेतलेली मोजमापे) पुरेसे आहेत. माइक आणि तोंड यांतील अंतर मात्र रोज तेच राहिले पाहिजे, कारण अंतर बदलले की आवाजाचा जोर आणि पोत यांची सगळी तुलना निरर्थक होते. डोक्याला अडकवायचा माइक याच कारणासाठी बरा.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे: गाणारा कधीच एकटा नसतो, तंबोरा सोबत वाजत असतो. माझे पहिले साधन एका गायिकेला दाखवले तेव्हा पडद्यावर उमटलेला अत्यंत स्थिर, निर्दोष षड्ज पाहून मी खूश झालो होतो. त्या वेळी त्या पाणी पीत होत्या. श्वासासाठी घेतलेल्या प्रत्येक विसाव्यात यंत्र तंबोरा मोजत होते. चांगली जवारी लागली असेल तर खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधारही उमटतो आणि यंत्र त्यालाही गायकाचा स्वर समजू शकते. सोपा उपाय म्हणजे तंबोरा तारेच्या इअरफोनमधून एका कानात द्यावा आणि दुसरा कान मोकळा ठेवावा. ब्लूटूथ टाळावे, कारण त्यातील विलंबामुळे पुढे ध्वनिमुद्रण आणि तंबोरा यांची जुळणी करताना घोटाळा होतो. खऱ्या तंबोऱ्याशिवाय गाणे ज्यांना जमत नाही (आणि त्यांची तक्रार रास्त आहे) त्यांच्यासाठी घाटीच्या खाली, गळपट्टीच्या हाडाच्या वर, ॲक्सेलरोमीटर जातीचा हलका संवेदक वैद्यकीय चिकटपट्टीने लावता येतो. तो त्वचेची कंपने टिपतो. तंबोरा, तबला किंवा शेजारच्या घरातील दूरचित्रवाणी त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. मात्र संवेदक घेताना त्याचा वेग पाहावा. सेकंदाला हजार नमुने घेणारा स्वस्त संवेदक ५०० हर्ट्झच्या वरचे काहीच खरे दाखवू शकत नाही, आणि काळी पाच पट्टीचा तार षड्जच सुमारे ४६६ हर्ट्झवर असतो. तार गांधाराची नोंद त्यात होणारच नाही.

षड्ज आणि स्वररेषा

गायकाला हर्ट्झ विचारू नये, पट्टी विचारावी. काळी एक म्हटले की षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, काळी पाच म्हटले की सुमारे २३३. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण हाताने लावलेला तंबोरा पेटीच्या पट्टीवर तंतोतंत बसेलच असे नाही. रियाजाच्या सुरुवातीला अर्धा मिनिट नुसता तंबोरा ध्वनिमुद्रित करून जोडीच्या तारांवरून खरा षड्ज काढावा आणि मोजमाप त्याच्यापासून करावे. तार उतरते, म्हणून शेवटीही एकदा हेच करावे.

स्वराची कंपनसंख्या काढण्यासाठी नवे गणित शोधण्याची गरज नाही. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी घडवलेली ‘प्रात’ ही विनामूल्य प्रणाली ‘पार्सेलमाउथ’च्या साह्याने पायथनमधून वापरता येते; ‘लिब्रोसा’ या संग्रहात पीयिन ही पद्धत तयार मिळते. परंतु या साधनांची मूळ मांडणी जशीच्या तशी वापरली तर ख्यालगायनात ती दगा देते. लिब्रोसा ध्वनिफीत उघडतानाच नमुने सेकंदाला २२,०५० वर आणते आणि २,०४८ नमुन्यांची खिडकी (एका मोजमापासाठी घेतलेला ध्वनीचा तुकडा) धरते. म्हणजे एक खिडकी ९३ मिलिसेकंदांची झाली. सेकंदाला आठ स्वरांची तान असेल तर एका स्वराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. एवढ्या रुंद खिडकीत शेजारचे स्वर एकमेकांत मिसळतात आणि स्वच्छ तानही गढूळ दिसते. मूळ ४४,१०० नमुने कायम ठेवून तीच खिडकी वापरली तर ती ४६ मिलिसेकंदांवर येते, आणि दर १० मिलिसेकंदांनी एक मोजमाप घेता येते. पीयिनची मूळ सूक्ष्मता दहा सेंटची (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) असते, तीही वाढवून घ्यावी; कणसूर म्हणजे काय ते दहा सेंटच्या पायऱ्यांनी नीट दिसत नाही.

शोधाची मर्यादा षड्जावरून ठरवावी: खाली षड्जाच्या निम्म्यापर्यंत, वर साडेतीन पटीपर्यंत. यात मंद्र षड्जापासून तार धैवतापर्यंतचा प्रदेश येतो आणि यंत्राने एकदम सप्तक चुकण्याचे प्रकार बरेच कमी होतात. रेषा गुळगुळीत करण्याचा मोह मात्र आवरावा. पडद्यावर सुंदर दिसणारी रेषा बहुधा कण, खटका आणि मुरकी गिळून बसलेली असते.

मिळालेल्या कंपनसंख्येला षड्जाने भागून, त्याचा दोन पायाचा लॉगरिदम घेऊन १,२०० ने गुणले की सेंट मिळतात. सगळे चित्र याच मापात काढावे, म्हणजे काळी एकचा गायक आणि काळी पाचची गायिका यांच्या रेषा एकाच कागदावर ठेवता येतील.

रेषेचा अर्थ कसा लावावा

बाजारातील बहुतेक साधने मागे पेटीच्या पट्ट्यांसारख्या बारा आडव्या रेषा आखतात आणि त्यांपासून सूर ढळला की लाल रंग दाखवतात. ख्यालासाठी ही मांडणी चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. काळी पाचमध्ये तंबोऱ्याशी मिळून आलेला शुद्ध गांधार सुमारे २९१ हर्ट्झवर, म्हणजे ३८६ सेंटवर येतो. समभाग पट्टीतील (सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या) पेटीचा गांधार ४०० सेंटवर, सुमारे २९४ हर्ट्झवर असतो. तंबोऱ्याशी इमान राखणारी गायिका अशा यंत्राला सतत उतरी वाटेल. त्यावर बावीस श्रुतींच्या (सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांच्या) रेषा आखाव्यात, असेही सुचवले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या साह्याने श्रुतींचे मापन करण्याचा प्रयत्न केला होता. पुढे १९६३ मध्ये नाझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी प्रत्यक्ष वादनगायनातील स्वर मोजले, तेव्हा एकाच रागातला एकच स्वर कलाकारागणिक बदलतो असे त्यांना आढळले. तेव्हा बारा काय किंवा बावीस काय, आधी आखलेल्या रेषांवर गायकाला तोलणे योग्य नाही. पडद्यावर षड्ज आणि पंचम एवढ्याच ठळक रेषा ठेवाव्यात (मालकंसासारख्या रागात पंचमाऐवजी मध्यम), आणि बाकीचे स्वर गायकाने स्वतः कुठे लावले हे त्याच्याच गाण्यातून काढावे.

त्यासाठी रेषेतील स्थिर भाग वेगळे काढावे लागतात. साधारण ३०० मिलिसेकंद सूर वीस-पंचवीस सेंटच्या पट्ट्यात राहिला तर तो ठेहराव समजावा. ही मर्यादा मी चाचपडत ठरवली आहे, ती गायकागणिक बदलू द्यावी. मींड, आंदोलन आणि गमक यांना स्थिरतेचा निकष लावूच नये. दरबारीच्या आंदोलित गांधाराला ‘अस्थिर’ म्हणणारे यंत्र गायकाच्या हातात देण्यात अर्थ नाही. त्या स्वराबाबत आंदोलनाचा वेग आणि त्याची वरची-खालची टोके एवढेच दाखवावे. ‘आ’काराच्या द्रुत तानेत तर सूर कुठेच टेकत नाही, रेषा लाटेसारखी वरखाली होते, म्हणून तिथे लाटेची वळणे मोजावीत आणि दोन वळणांमधील काळ समान आहे का ते पाहावे. तान अडखळते ती बहुधा काळात, आणि कानाला ती बेसूर वाटते. हा फरक रेषेवर चांगला दिसतो.

न्यासाच्या घसरणीसाठी स्वराच्या मधल्या भागाची आणि शेवटच्या ३०० मिलिसेकंदांची मध्यके वजा केली की पुरते. फुप्फुसांतील हवेचा दाब कमी होत गेला आणि गळ्याने तो सांभाळून घेतला नाही की सूर उतरतो. आठवड्याभराच्या नोंदींत ही घसरण ठरावीक लांबीच्या स्वरांनंतरच दिसू लागली तर दमसासाचा रियाज कुठून सुरू करायचा ते कळते.

आवाजाच्या पोताबाबत अधिक सावध राहावे. स्वीडनच्या योहान सुंदबेरी यांनी पाश्चात्त्य ऑपेरा गायकांच्या, विशेषतः पुरुषांच्या, आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा पुंजका दाखवून दिला, आणि वाद्यवृंदावर मात करून तो आवाज सभागृहात का पोहोचतो हे समजावले. २,००० ते ४,००० हर्ट्झमधील सर्वांत मोठे शिखर आणि त्याखालचे सर्वांत मोठे शिखर यांतील फरक काढणे सोपे आहे व उपयुक्तही आहे, पण तो ख्यालगायकापुढे उद्दिष्ट म्हणून ठेवू नये. मंद्रातील ‘आ’, मध्यातील ‘आ’ आणि तारातील ‘आ’ यांत तो कसा बदलतो एवढे दाखवावे. जिथे तो एकाएकी उडी मारतो तिथे लगाव बदललेला असतो किंवा गळा आवळलेला असतो, आणि यांपैकी कोणते हे गुरू ऐकून सांगतील. तार सप्तकात स्त्री-आवाजाचे उपस्वर एकमेकांपासून साडेचारशे हर्ट्झहून अधिक दूर पडतात, त्यामुळे तेथे मुखविवराच्या अनुनादाचे आकडे छापणे म्हणजे अंदाज छापणे होय. बोलण्याच्या आवाजातील थरथर मोजणारी वैद्यकीय मापेही गमकाला आजार समजतात, ती वगळावीत.

त्वचेवरचा संवेदक असेल तर घशावरील भारही नोंदता येतो. २३३ हर्ट्झच्या आसपास एक तास रियाज झाला आणि त्यात निम्मा वेळ प्रत्यक्ष आवाज लागला, तर स्वरतंतू सुमारे ४ लाख २० हजार वेळा एकमेकांवर आपटलेले असतात. दिवसभर शिकवणाऱ्या गायकांना हा आकडा पाहून बहुधा धक्का बसतो, कारण त्यात बोलण्याचा वाटा गाण्यापेक्षा मोठा निघतो. यावरून रोगनिदान करण्याचा आव मात्र यंत्राने आणू नये. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर घशाच्या डॉक्टरांकडे जावे, ही सूचना तेवढी ठळक दाखवावी.

गायकासमोर मांडणे आणि तपासणे

गाताना डोळ्यांसमोर हलणारी रेषा मुळातच बंद असावी. ती दिसत राहिली की गायक पडद्याला सूर जुळवू लागतो आणि तंबोरा ऐकणे सुटते. माझ्या साधनात क्रम असा आहे: गाणे संपते, गायक ध्वनिफीत ऐकतो, खटकलेल्या जागांवर स्वतः खूण करतो, आणि त्यानंतरच रेषा उघडते. खूण आणि रेषा जिथे जुळत नाहीत तिथेच शिकण्यासारखे काही असते, म्हणून त्या जागा वर आणि बाकीचे सगळे खाली ठेवले आहे.

चाचणीसाठी प्रथम संगणकाने तयार केलेला, कंपनसंख्या माहीत असलेला ध्वनी द्यावा, त्यानंतर तोच ध्वनी तंबोऱ्यासह द्यावा. मग एखाद्या तयार गायकाला मुद्दाम किंचित चढे, किंचित उतरे आणि अचूक असे मिसळून गायला सांगावे. शेवटी तीच ध्वनिफीत गुरूंना, रेषा न दाखवता, ऐकवावी. गुरूंनी दोष सांगितला आणि यंत्राला तो दिसला नाही, तर आधी खिडकी आणि ध्वनिमुद्रण तपासावे.

रियाज ही खाजगी गोष्ट आहे. त्यात फसलेल्या ताना असतात, आणि घराण्याबाहेर न गेलेल्या बंदिशीही असतात. ध्वनिफिती गायकाच्याच मोबाइलवर राहाव्यात, आकडे काढून झाल्यावर मूळ ध्वनी पुसण्याची सोय असावी, आणि गुरूंना काय पाठवायचे ते प्रत्येक वेळी गायकाने निवडावे.